आगोटीच्या यादीत कुबडीचं बूच

कुबडीच्या टोकाला रबराचं एक बूच असतं. साहाय्यक साधनांमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग तो. कोकणात तरी सगळ्यात महत्त्वाचा भागही तोच, असं माझं ठाम मत आहे. मृगाचा पाऊस सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, हिरवा बुळबुळीत थर धरतो. दोन पायांनी चालणारा माणूस तिथे पायाची बोटं रोवत, गडग्याला, म्हणजे कडेच्या बुटक्या दगडी बांधाला, हात लावत उतरतो. कुबडीला बोटं नसतात. बुचाच्या तळाशी असलेल्या गोल खाचा, एवढाच तिला आधार.

या खाचा पाणी बाजूला सारतात आणि रबर दगडाला भिडतं. तळ झिजून सपाट झाला की रबर आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा अडकतो आणि कुबडी एकदम सटकते. म्हणून कुबडी उलटी करून तळ बघायची सवय हवी. बूच एकाच बाजूने झिजलं असेल, तर कुबडी तिरकी टेकली जाते. बहुतेक वेळा तिची उंची चुकलेली असते. तळ शाबूत दिसला तरी आतून धोका असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची कड रबराला आतून कापत जाते आणि एक दिवस नळी बूच फोडून खाली येते. मग दगडावर धातू टेकतो. चांगल्या बुचात आत लोखंडी चकती असते. नसेल तर नळीच्या मापाचा वॉशर घालून मगच बूच बसवावं. मापं साधारण १९, २२ आणि २५ मिलिमीटरची असतात. सैल बूच सायकलच्या ट्यूबने गुंडाळून बसवण्याची पद्धत घरोघरी आहे, पण ते चिखलात रुतलं की तिथेच राहतं आणि माणूस पुढे जातो.

शेवाळापुढे मात्र चांगलं बूचही हरतं. तिथे पाखाडीच साफ करायला हवी. पाऊस उघडलेल्या दिवशी ब्लीचिंग पावडर भुरभुरावी, पंधरा-वीस मिनिटांनी ताठ खराट्याने घासावी आणि भरपूर पाण्याने धुवावी. जूनच्या अखेरीस एकदा, नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा, आणि पाऊस लांबला तर गणपतीआधी पुन्हा. हे पाणी कुबडीला, चाकाच्या खुर्चीला लागू देऊ नये. क्लोरीन धातू खातं.

उंचीचं गणित सोपं आहे, तरी चुकलेलं फार दिसतं. चप्पल घालून उभं राहिल्यावर काखेच्या खाली दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे आणि मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, म्हणजे कोपर थोडं वाकलेलं राहतं. भार हातांवर घ्यायचा. काखेतली गादी बरगडीला चिकटवून धरायची असते, तिच्यावर लोंबायचं नसतं. काखेतली नस सतत दाबली गेली तर हाताला मुंग्या येतात आणि पुढे मनगट लुळं पडू शकतं. एका हातात काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. चढताना धड पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आधी, मग दुखरा पाय, मग धड पाय. दवाखान्याच्या जिन्यावर हे शिकवतात तेव्हा पायऱ्या एकसारख्या असतात. आपल्या पाखाडीची एक पायरी चार बोटं, पुढची वीतभर, तिसरी निम्मी फुटलेली. तिथे एका बाजूला धरायला कठडा असला की निम्मं काम होतं. तो पहिल्या पायरीच्या अलीकडे आणि शेवटच्या पायरीच्या पलीकडे फूटभर पुढे गेलेला असावा, कारण पायऱ्या संपल्या हे पायाच्या आधी हाताला कळायला हवं.

साहाय्यक साधन म्हटलं की यंत्र डोळ्यांसमोर येतं आणि ते मिळवण्याचाच विचार होतो. शिबिर कधी, अर्ज कुठे, मुंबईहून कोण आणेल. मिळाल्यावर फोटो निघतो आणि सगळ्यांना वाटतं, काम झालं. खरं तर काम तिथून सुरू होतं. खारा वारा, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वरचा पाऊस आणि एकही सपाट वाट नसलेली वाडी, या तिन्हींशी त्या वस्तूला रोज झगडायचं असतं. सपाट फरशीसाठी घडवलेली वस्तू इथे तशीच्या तशी चालत नाही. तिला इथलं करून घ्यावं लागतं.

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा गाडीच्या टपावर कधी कधी घडीची चाकाची खुर्चीही असते. कुणाच्या तरी आजीची, आता लागत नाही म्हणून दिलेली. आपुलकी खरी, पण खुर्ची ज्याची त्याच्या मापाची असते. बसल्यावर दोन्ही मांड्यांच्या बाजूंना बोटभर जागा, गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं मोकळी, पावठाण (पाय ठेवायची फळी) जमिनीपासून निदान ५ सेंटिमीटर वर. बाजारातली सरसकट खुर्ची १८ इंची बैठकीची असते. किडकिडीत म्हातारी तिच्यात एका अंगावर कलते आणि चाकाची कडी पकडायला तिला खांदे उचलावे लागतात. महिन्याभरात खांदे दुखू लागतात आणि मग घरची माणसं म्हणतात, तिला खुर्ची नको वाटते.

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत मुलामा दिलेल्या लोखंडी खुर्चीला गंज आतून धरतो. नळ्यांची तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद केलेली असतात. पाणी आत शिरतं, पण बाहेर पडत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारी खुर्ची बैठकीखालच्या घडीच्या फुलीपाशी, जिथे दोन नळ्या एकमेकींना छेदतात तिथे, एकदम तुटते. पावसाळ्याआधी या टोप्या काढून नळीत गंजरोधक तेल सोडावं आणि टोप्या परत बसवाव्यात. अ‍ॅल्युमिनियमची खुर्ची टिकते, पण तिच्यातले लोखंडी बोल्ट अडचणीचे. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारं पाणी साचलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं आणि बोल्ट घट्ट अडकून बसतो. वर्षातून एकदा बोल्ट सोडवायचे, पुसायचे, ग्रीस लावून परत आवळायचे. फडक्याने रोज गोड्या पाण्याचा हात फिरवणं हा खुर्चीचा खरा विमा. नारळाचं तेल मात्र सांध्यात घालू नका. ते चिकट होतं, थंडीत थिजतं आणि धूळ धरून ठेवतं. शिवणयंत्राचं तेल चांगलं.

पुढची छोटी चाकं कुरकुरायला लागली की बेअरिंग गेलं समजा. बऱ्याच खुर्च्यांत ६०८ क्रमांकाचं बेअरिंग असतं: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. मुलांच्या स्केट्सनाही हेच लागतं, त्यामुळे तालुक्याच्या गावी मिळतं. घेताना दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं मागावं. उघडं बेअरिंग इथल्या पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या, बारीक वाळूत दोन महिनेही काढत नाही. मागच्या २४ इंची चाकांचं पंक्चर सायकलवाला काढतो, पण काही खुर्च्यांना मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, म्हणून पंप आधी बघून ठेवावा. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: हवेच्या टायरची खुर्ची असेल तर ब्रेकची पकड हवेवर ठरते. ब्रेकचा दांडा टायरला दाबतो. हवा उतरली की टायर आत जातो, दांडा नुसता टेकतो, आणि खाटेवरून खुर्चीत सरकताना खुर्ची मागे पळते. ब्रेक बिघडला म्हणून तो बदलण्याआधी हवा भरून बघावी.

पुळणीवर न्यायची असेल तर खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांनी ओढत न्यायची. सरळ ढकलली की पुढची बारीक चाकं रुततात आणि बसलेला माणूस पुढे पडतो. भरती उतरल्यावर उरलेली ओली, घट्ट वाळू गाठायची. सुकी भुसभुशीत पुळण कुणालाच दाद देत नाही.

बैठकीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांना बसून झालेली जखम कळत नाही. कोकणातला घाम, रेक्झिनची सीट आणि खाली झोळ पडलेली बैठक हे तिन्ही एकत्र आले की माकडहाडाशी आणि बसण्याच्या हाडांशी कातडी फुटते. साध्या स्पंजची उशी वर्षभरात दबते. तिच्यावर बसल्यावर खाली हात घालून बघा. हाडाखाली बोटभरही स्पंज उरत नसेल तर ती बदलायची वेळ झाली. सुती खोळ दोन ठेवाव्यात, एक वाळत, एक वापरात. श्रावणात काहीच वाळत नाही म्हणून तीन. दर वीस-तीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन उठायचं, नाहीतर पुढे वाकून, बाजूला कलून वजन हलवायचं. रात्री झोपताना आरशाने किंवा घरच्या माणसाच्या डोळ्यांनी कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसणं बंद.

आता घर. कोकणातल्या घराला अंगण असतं, ही उताराच्या दृष्टीने मोठीच सोय. शहरातल्या चाळीत उतार बांधायला जागाच नसते. इथे जागा असते, पण हिशेब नसतो. उताराला १ उंचीला १२ लांबी हे प्रमाण. जोतं दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब. जोतं दोन फूट असेल तर सात मीटरांच्या वर. ही लांबी ऐकून गवंडी हसतो आणि मोटारसायकल पडवीत चढवायला करतात तसा पाच फुटांचा घसरगुंडी-उतार करून देतो. त्यावरून खुर्चीतला माणूस स्वतः चढू शकत नाही, आणि उतरवणाऱ्याच्या हातून खुर्ची निसटते. लांबी मावत नसेल तर उतार तीव्र करू नका. अंगणाच्या कडेने वळवून घ्या आणि वळणावर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा ठेवा. वर दारासमोरही तेवढीच सपाट जागा हवी, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे सरकते. रुंदी १२० सेंटिमीटर, दोन्ही कडांना चार बोटं उंच कठडी, म्हणजे चाक बाहेर जात नाही.

आणि पागोळ्या! उताराच्या आखणीत कुणीच पागोळ्यांचा विचार करत नाही. कौलांवरून चार महिने पाण्याची धार नेमकी जिथे पडते, तिथे सिमेंटवर आधी खड्डा पडतो, मग शेवाळ धरतं. उतार पडवीला जिथे भिडतो ती जागा हमखास पागोळीखाली येते. त्या भागापुरती पन्हळ लावून पाणी बाजूला काढावं, किंवा छप्पर दोन हात पुढे घ्यावं. उताराचा पृष्ठभाग गुळगुळीत घोटू नये. काँक्रीट ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात, पाणी कडेला जाईल अशा किंचित तिरक्या. फरशी, टाईल, घोटीव कडप्पा, काही नको. सारवलेलं अंगण पावसाआधी छान, पण पाऊस लागला की त्यात पुढची चाकं माती गुंडाळून थांबतात. बेड्यापासून, म्हणजे कुंपणाच्या दारापासून, उतारापर्यंत निदान तीन फूट रुंद चिऱ्यांची सपाट फरसबंदी हवी.

पावसाळ्यात पडवीचं रूप बदलतं, हेही विसरलं जातं. माडाच्या झावळ्यांची झापं बांधली जातात, लाकडं रचली जातात, दोरीवर कपडे लोंबतात, आणि मे महिन्यात खुर्ची सहज जाणारी वाट जुलैत दोन फुटांची होते. खुर्चीला ९० सेंटिमीटर लागतात. लाकडं रचण्याआधी जमिनीवर गेरूची किंवा चुन्याची रेघ मारून ठेवली तर घरातली माणसं ती ओलांडत नाहीत. उंबरठ्याचंही असंच. तो पूजेचा असतो, कापायला कुणी तयार होत नाही आणि गरजही नाही. दोन्ही बाजूंना लाकडाची पाचर ठेवली की चाक सरकत चढतं, आणि हळदीकुंकू लावायला मधला उंबरठा मोकळाच राहतो.

न्हाणीत धरायला दांडा बसवतात तेव्हा जांभा दगा देतो. चिरा सच्छिद्र असतो. त्यात भोक पाडून प्लॅस्टिकची गुट्टी ठोकली आणि स्क्रू आवळला की पहिल्या दिवशी घट्ट वाटतं, पण ओढाने हळूहळू भोक मोठं होतं. ज्या क्षणी माणूस सगळा भार त्यावर टाकतो, त्याच क्षणी दांडा हातात येतो. दोन मार्ग आहेत. एक, भिंतीच्या आरपार आटे पाडलेली सळई घालून पलीकडून लोखंडी पट्टी आणि नट. दुसरा, चिऱ्यात वीतभर खण करून त्यात काँक्रीट भरायचं आणि ते मुरल्यावर त्यात बोल्ट. दांडा मुठीत मावेल असा, ३८-४० मिलिमीटरचा, भिंतीपासून ५ सेंटिमीटर सुटा. समुद्राजवळ ३०४ क्रमांकाच्या स्टीलवरही तपकिरी डाग उठतात. ३१६ टिकतं पण महाग. खरं सांगायचं तर साग किंवा किंजळीचा गोल घोटलेला दांडा इथे सगळ्यात उत्तम. ओल्या हाताला तो स्टीलपेक्षा कमी निसटतो, आणि वाडीतला सुतारही तो करून देतो.

पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला कोकणातला गडगा हा मोठा सोबती. जांभ्याचा तो बुटका बांध वाटेच्या कडेने सलग जातो. काठीचं टोक त्याला लावत चाललं की वळण, बेडं, पाणंदीचं तोंड, सगळं कळतं. म्हणून गडगा पाडून तारेचं कुंपण घातलं की डोळस माणसाला काहीच फरक पडत नाही, पण अंध माणसाची वाट पुसली जाते. काठी तारेत अडकते, बोट ओरबाडतं. कुंपण घालायचंच असेल तर खालचा एक थर चिऱ्यांचा ठेवावा. उन्हाळ्यात फणस-आंब्याचा पातेरा पायऱ्यांवर साचतो आणि पायरीची कड काठीला लागत नाही; साकवाच्या तोंडाशी तर रोज झाडायला हवं. काठीचं टोक पेन्सिलसारखं बारीक असेल तर ते चिऱ्यांच्या सांध्यात रुतून मूठ पोटात बसते. गोल, जाड, फिरतं टोक इथे बरं. घडीच्या काठीतलं इलॅस्टिक वर्ष-दीड वर्षात सैल पडतं. सांध्यात वाळू अडकली की काठी चालता चालता दुमडते. कोरड्या ब्रशने सांधे साफ करावेत, तेल घालू नये.

पावसात अंध माणसाची अडचण दुहेरी असते. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री, आणि वाट चाचपायला हातच उरत नाही. शिवाय छत्रीवर पडणारा पाऊस कानाशी इतका वाजतो की मागून येणारी रिक्षा, व्हाळाचा (ओढ्याचा) आवाज, समोरच्या भिंतीवरून परतणारा काठीचा नाद, काहीच ऐकू येत नाही. रेनकोटची टोपी कान झाकते, तीही तितकीच वाईट. रुंद कडेची जलरोधक टोपी आणि कान मोकळे ठेवणारा रेनकोट, हा त्यातल्या त्यात चांगला उपाय. डोक्या-पाठीवर इरलं घेणारी जुनी माणसं दोन्ही हात मोकळे ठेवून लावणी करत. त्या रचनेचा विचार आजच्या साधनं करणाऱ्यांनी जरूर करावा.

नोटा ओळखायला १००च्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि ५००च्या नोटेवर वर्तुळ असतं; कडेच्या तिरक्या रेघा १००ला चार, ५००ला पाच. नव्या नोटा छान लागतात. मासळीबाजारातून फिरून आलेली ओली मऊ नोट हाताला काहीच सांगत नाही, आणि १००, २०० व ५०० यांच्या लांबीत फरक फक्त चार-चार मिलिमीटरचा: १४२, १४६, १५०. म्हणून अनुभवी माणसं घरून निघतानाच नोटा वेगवेगळ्या घड्या घालून ठेवतात. रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं मणी हे अ‍ॅप नोट ओळखून सांगतं आणि त्याला नेट लागत नाही, ही डोंगराआडच्या वाड्यांसाठी खरी सोय.

फोनचा विषय निघालाच आहे. अँड्रॉइडमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद धरून सुरू करता येते, तसा पर्याय सेटिंगमध्ये आधी चालू केलेला असेल तर. मराठी आवाज मात्र नेट असतानाच उतरवून ठेवावा. नाहीतर रेंज गेली की फोन मराठी अक्षरांवर गप्प बसतो. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, म्हणून खिशात सुका रुमाल. संगणकावर एनव्हीडीए हे फुकट मिळणारं वाचक-सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच. जुन्या फाँटमध्ये टंकलेली ग्रामपंचायतीची सूचना त्याला निरर्थक रोमन अक्षरांची रांग वाटते. आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पालखीची वेळ, नळाचं पाणी बंद, कुणी वारलं, हे सगळं चित्र म्हणून येतं. चित्राखाली तेच दोन ओळी टंकून पाठवायला अर्धं मिनिट लागतं. हे अर्धं मिनिट सगळ्यांनी द्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

श्रवणयंत्राचा खरा शत्रू इथली दमट हवा. सकाळी यंत्र लावलं की कानाच्या साच्यापासून यंत्रापर्यंत जाणाऱ्या बारीक पारदर्शक नळीत पाण्याचे थेंब दिसतात. एवढ्या थेंबानेही आवाज बंद होतो आणि यंत्र बिघडलं म्हणून ते डब्यात जातं. नळी यंत्रापासून सोडवावी, रबरी फुग्याने हवा मारून थेंब बाहेर काढावा, परत जोडावी. तोंडाने फुंकू नये, श्वासातही पाणीच असतं. नळी पिवळी, कडक झाली की बदलावी. साधारण तीन ते सहा महिन्यांनी. शिट्टी वाजत असेल तर आवाज कमी करत बसू नका. साचा सैल झाला असेल किंवा कानात मळ असेल. वाढत्या मुलाचा साचा तर लवकरच सैल होतो.

रात्री यंत्र हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावं. आधी सेल काढायचा आणि सेलचं दार उघडं ठेवायचं. सेल त्या डब्यात ठेवायचा नाही, कारण झिंक-एअर सेल कोरड्या हवेत सुकतो. नारिंगी सिलिका हिरवी झाली, निळी गुलाबी झाली की तिने पोटभर पाणी प्यायलंय असं समजावं. लोखंडी कढईत मंद आचेवर परतून रंग परत आला की झाकण लावून गार करावी; जुलैत हे आठवड्याला करावं लागतं. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कोंडा मायक्रोफोनच्या भोकात जातो. सेलवरचा कागद काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग तो यंत्रात घालावा, त्याला हवा घ्यायला वेळ लागतो. रंगांवरून माप ओळखतात: पिवळा १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. एकदा कागद काढला की सेल वापरा वा न वापरा, संपत जातो.

जयपूर फूट या कृत्रिम पायाचा जन्म १९६८ सालचा. रामचंद्र शर्मा या कारागिराचे हात आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांचं वैद्यक यांतून तो घडला. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, ओल्या शेतात उतरता येतं. भाताच्या कुणग्यात दुसरे बरेच पाय निकामी ठरतात. तरी काळजी लागते. त्याच्या घोट्यात लाकडाचा ठोकळा असतो, आणि बाहेरच्या रबराला चीर पडली की पाणी थेट लाकडात. चीर दिसताच पाय बदलून घ्यावा, टायरचं सोल्युशन फासून वेळ मारून नेऊ नये. लावणीच्या चिखलात पाय उचलताना चिखल खालून ओढतो आणि खोबण, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, निसटते. मांडीवर किंवा कमरेला पट्टा हवा. आत घालायचे सुती मोजे दिवसातून दोनदा बदलावेत. खोबण रोज रात्री साबणाच्या फडक्याने पुसून उपडी ठेवावी. उरलेल्या पायाचं टोक लाल होत असेल तर आधी मोज्यांची संख्या बघावी. पाऊस-शेतीच्या दिवसांत वजन उतरतं, खोबण सैल होते, आणि एक जास्तीचा मोजा पुरतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात. एसटीची पहिली पायरी उंच आहे, आणि रेल्वेत दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. काही लहान स्थानकांवर फलाटच बुटका, तर टोकाच्या डब्यापर्यंत उताराऐवजी खडी. या सगळ्यात खुर्चीवाल्या माणसाची खरी मैत्रीण म्हणजे जंगलजेट्टी, खाडीपार मोटारी नेणारी बोट. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, जयगड-तवसाळ इथे मोटारी चढतात त्याच फळीवरून खुर्चीही चढते. फक्त वेळ बघून जावं. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याचा उतार लांबवर उघडा पडतो आणि त्याचा खालचा भाग शेवाळलेला असतो. पाणी भरत असताना गेलं की तोच उतार आखूड. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत फरक कमी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा अनेक गावं दिवसेंदिवस विजेविना होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बॅटरीवर चालणारी तीनचाकी, हवेची गादी, चार्जिंगचं श्रवणयंत्र, बोलणारा फोन, यांतलं काहीच अशा वेळी दोन दिवसांच्या पुढे जात नाही. हवेच्या गादीसोबत जाड स्पंजची साधी गादी घरात हवीच. श्रवणयंत्र निवडताना सेलवर चालणारं घ्यावं. लेड-अ‍ॅसिड बॅटरीची तीनचाकी पावसाळाभर अंगणात उभी राहिली की बॅटरी रिकामी पडून कायमची मरते. वापरात नसली तरी महिन्यातून एकदा पूर्ण भरावी आणि टोकांना व्हॅसलिन चोपडावं. खुर्ची पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर चिखल सुकण्याआधी गोड्या पाण्याने धुवावी आणि बेअरिंगं थेट बदलावीत. ती धुऊन वाचत नाहीत.

मिळवण्याची वाट तशी माहितीतली आहे. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालते. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची साधनं शिबिरांतून येतात. मापाचं शिबिर एकदा, वाटपाचं नंतर, आणि मधल्या महिन्यांत मूल वाढलेलं असतं, म्हणून वाटपाच्या दिवशी पुन्हा माप घ्यायचा आग्रह धरावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो बहुतेकदा भांडी, घोंगड्या अशा सरसकट वाटपात जातो. ग्रामसभेत उठून पाखाडीचा कठडा मागा, साकवाला दोन्ही बाजूंनी दांडा मागा, गावाला मिळून बेअरिंग, बुचं आणि नळ्यांचा एक डबा मागा. त्याची किंमत एका खुर्चीपेक्षाही कमी असते.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी मे महिन्यात होते. सुकी मासळी, मीठ, लाकडं, कौलं चाळणं. त्याच यादीत या ओळी घालाव्यात: कुबडीची चार बुचं आणि चार वॉशर, खुर्चीची एक ट्यूब, दोन बेअरिंगं, सिलिकाची पुडी, साच्याची नळी, उशीची जादा खोळ, ब्लीचिंग पावडर. श्रवणयंत्राचे सेल पाकिटावरची तारीख बघून चार महिन्यांचेच घ्यावेत आणि कपाटात ठेवावेत, फ्रिजमध्ये नाहीत. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. आणि झिजलेलं जुनं बूच टाकून देऊ नये, दुकानात मापाला तेच न्यायचं असतं.